आंबागडचे ध्वनिदप्तर

आंबागडचा किल्ला ज्याने पाहिला आहे त्याला रूपांतर म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने इ. स. १७०० च्या सुमारास तो लढण्यासाठी बांधला; पुढे नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेल्यावर त्याचा तुरुंग झाला, आणि आतल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून कैद्यांची वासलात लावीत असत अशी वदंता त्याला चिकटली; मग इंग्रजांचा अंमल आला; आणि आता सुट्टीच्या दिवशी तुमसर-भंडाऱ्याकडची तरुण मंडळी स्वतःची छायाचित्रे काढण्यासाठी तेथे चढतात. दगड तेच, उपयोग मात्र दर अमदानीत निराळा. आणि प्रत्येक बदलात मूळ ऐवजापैकी काही ना काही गळालेले. किल्ल्याच्या बाबतीत ज्या गोष्टीला तीनशे वर्षे लागली ती त्रेसष्ट गाण्यांच्या बाबतीत तीन रात्रींत उरकण्याचा भार गेल्या वर्षी माझ्यावर, म्हणजे एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनावर, येऊन पडला, त्याची ही कैफियत.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार नाहीतर खडीगंमत असे लोकनाट्य. आणि ज्या गावची मंडई फिकी होते त्या गावाला पुढची दिवाळी येईपर्यंत पाहुण्यारावळ्यांत मान वर करता येत नाही. आमच्या गावचे एक शाहीर, ज्यांनी चाळीस वर्षे ढोलकीशेजारी उभे राहून रात्रीची पहाट केली होती, ते आदल्या उन्हाळ्यात निवर्तले. तेव्हा मंडई त्यांच्याच आवाजाने सुरू व्हावी असा ठराव कमिटीत एकमताने मंजूर झाला. शाहिरांनी उभ्या आयुष्यात रीतसर ध्वनिमुद्रण कधी केले नव्हते; परंतु रोवणीच्या बांधीत, लग्नाच्या मांडवात, पानठेल्यावर, जेथे म्हणून ते गळा मोकळा करीत तेथे कोणी ना कोणी खिशातला मोबाइल काढून पुढे धरीत असे, आणि त्यामुळे त्यांच्या गाण्याचे त्रेसष्ट तुकडे गावभर निरनिराळ्या खिशांत जमा झाले होते. भोंगेवाल्याच्या यंत्राला पेन ड्राइव्हवरची एमपी३ एवढी एकच भाषा कळते. बाकीच्या सर्व भाषांना ते मौनाने उत्तर देते. हे भाषांतर करावे कोणी, असा प्रश्न निघताच कमिटीचे अध्यक्ष क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "फायलीचं काम हाये, त बाबूजीले द्या. त्याहीनं जिंदगीभर फायलीच त केल्या."

या युक्तिवादाला कोणीही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, कारण निवृत्तीनंतर माणसाला फाइल या शब्दाने कोणी हाक मारली तरी त्याचे हृदय द्रवते.

माल रुजू झाला तेव्हा त्यातली विविधता पाहून मी थक्क झालो. जुन्या बटणांच्या मोबाइलमधल्या एएमआर, त्यानंतरच्या पिढीच्या थ्रीजीपी, नव्या मोबाइलच्या एम४ए, व्हॉट्सॲपवरून आलेल्या ओपस, कोणी कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या वेव्ह. आणि या सर्वांवर कळस म्हणजे दहावीतल्या एका होतकरू मुलाने आपल्याकडच्या एकवीस फायलींची शेवटची अक्षरे खोडून तेथे स्वहस्ते 'एमपी३' असे लिहून आणले होते. "झालं न जी कन्व्हर्ट!" असे तो वर म्हणाला. त्याला मी तुमसरच्या धानबाजाराचा दाखला दिला. पोत्यावर चिन्नोर छापले म्हणून आतल्या जाड्या तांदळाला सुगंध सुटत नाही; तो शिजला की घरधनीण पोते आणि व्यापारी या दोघांचाही उद्धार करते. फाइलच्या नावाची शेपटी ही नुसती पोत्यावरची छपाई असून आतला दाणा निराळा असतो, आणि भोंगेवाल्याचे यंत्र हे त्या घरधनिणीच्याच स्वभावाचे होते.

माझा पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला फोन केला असता तो म्हणाला, "मोठेबाबा, माउस बाजूला ठेवा आणि टर्मिनल उघडा." त्याने टाकून दिलेला एक लॅपटॉप माझ्याकडे होता, त्यात उबुंटू नावाची व्यवस्था होती, आणि टर्मिनल म्हणजे तीतली एक काळी खिडकी. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, स्वागताचा शब्द नाही. एक चौकोनी ठिपका लुकलुकत असतो आणि तुमच्या अर्जाची वाट पाहतो. इतरांना ही खिडकी भयप्रद वाटते असे ऐकतो. मला मात्र ती पाहताच आपल्या माणसांत आल्यासारखे झाले. कारण अर्ज नेमक्या नमुन्यात, नेमक्या क्रमाने, नेमक्या स्पेलिंगात आला तरच दाखल करून घ्यायचा आणि एका टिंबाची चूक असली तरी नामंजूर करायचा, हे ज्या खिडकीचे ब्रीद तिच्या आतल्या बाजूला बसून मी चौतीस वर्षे भाकरी खाल्ली होती. आता बाहेरच्या बाजूला उभा राहिलो एवढेच.

खिडकीच्या आत जो अधिकारी बसतो त्याचे नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार्ड नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली त्याची स्थापना केली, आणि तीही जेरार्ड लांतो या टोपणनावाने. हे वाचून, टोपणनावावाचून काव्य होत नाही असे मानणाऱ्या मराठी माणसाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही. नावातली पहिली दोन अक्षरे 'फास्ट फॉरवर्ड'ची आहेत. माझा या अधिकाऱ्याशी झालेला व्यवहार मात्र गतीच्या दृष्टीने पूर्णपणे जुन्या वळणाचा झाला, याचा दोष त्याच्याकडे नाही. अर्जाचा नमुना असा: आधी अधिकाऱ्याचे नाव, मग 'उणे आय', मग येणाऱ्या फाइलचे नाव, आणि अखेरीस जाणाऱ्या फाइलचे. 'आय'च्या अलीकडे लिहिलेल्या अटी येणाऱ्या मालाला लागू, पलीकडे लिहिलेल्या जाणाऱ्या मालाला. पुतण्या हे समजावून सांगताना घाबरतघाबरत बोलत होता, मी त्याला म्हटले, "अरे, ही तर आवक-जावक!" त्यावर फोनमध्ये बराच वेळ काही ऐकू आले नाही.

पहिलाच अर्ज फेटाळला गेला. 'धुऱ्यावरचे गाणे' या नावाची फाइल समोर दिसत असताना अधिकारी म्हणतो, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', अशी कोणतीही फाइल अस्तित्वात नाही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सुटली की तो पहिल्या शब्दावरच थांबतो, सबब नाव अवतरणचिन्हांत ठेवावे, हे मला सांगितलेले होते आणि मी ते केले होते. तरीही नाही. मी चष्मा पुसला, नाव पाच वेळा टंकले, पाचही वेळा अक्षरन् अक्षर सारखे, आणि पाचही वेळा अर्ज नामंजूर. रात्री साडेअकराला उलगडा झाला तो असा की, मराठीतला 'ऱ्य', ज्याच्यामुळे दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांच्याइतका फरक पडतो, तो संगणकात दोन निरनिराळ्या मार्गांनी लिहिता येतो: एक त्या 'ऱ'साठी नेमलेल्या स्वतंत्र सांकेतिक अंकाने, आणि दुसरा साध्या 'र'ला हलंत करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातल्याने. डोळ्यांना दोन्ही रूपे जुळ्या भावांसारखी. यंत्राला मात्र त्यांच्यात काडीचे नाते दिसत नाही. ज्याने फाइलला नाव दिले त्याचा कळफलक एका पंथाचा होता, माझा दुसऱ्या. इंग्रजांच्या मुलांना ही साडेसाती कधी भोगावी लागली नसेल. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, नाव लिहूच नका. पहिलं अक्षर लिहा आणि टॅब दाबा, तो स्वतःच पूर्ण करील." खिडकीतला कारकून स्वतःच अर्ज भरून देतो, ही गोष्ट माझ्या सेवाकाळात घडलेली मला आठवत नाही.

एएमआर या प्रकाराविषयी चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण शाहिरांचा अर्धा गळा त्यातच अडकला होता. हा प्रकार टेलिफोनवरच्या संभाषणासाठी जन्मला. कॉम्पॅक्ट डिस्क ज्या ठिकाणी सेकंदाला ४४,१०० नमुने टिपते त्या ठिकाणी हा ८,००० वर समाधान मानतो, आणि मिनिटभराचे बोलणे नव्वद-एक किलोबाइटांत बांधून देतो. तेच बोलणे डिस्कच्या इतमामाने ठेवायचे तर दहा मेगाबाइट लागतात. ही काटकसर त्याला साधते ती एका गृहीतकाच्या बळावर: आपल्यापुढे जो काही आवाज येईल तो मनुष्याच्या कंठातूनच आला असला पाहिजे, असे तो धरून चालतो आणि कंठाचे जे गणित त्याला शिकवले आहे त्यात तो आवाज बसवतो. मनुष्य बोलत असेल तोवर ठीक. पण मागे ढोलकी वाजू लागली की तिलाही तो मनुष्यच समजतो, आणि टाळ म्हणजे त्या मनुष्याला झालेला काही गंभीर विकार असावा अशा समजुतीने त्याची नोंद करतो. परिणामी आमच्या दंडारीच्या एएमआर फायली ऐकताना एक गृहस्थ गात आहेत आणि दुसरे त्यांच्या पाठीशी मिठाच्या पाण्याने गुळण्या करीत आहेत असा भास होतो.

शिवाय सेकंदाला ८,००० नमुने म्हटले की ४,००० कंपनांच्या वरचा सगळा ध्वनी चाळणीवरच राहतो, आणि 'स' आणि 'श' यांतला भेद ज्या सूत्कारावर उभा असतो त्याचा मोठा भाग नेमका त्या वरच्या प्रदेशात राहतो. पुण्याच्या भावगीताचे यात किती नुकसान होईल ते होवो. आमच्या झाडीबोलीत 'श' नाही, 'ष' नाही, 'ण' नाही, आणि 'ळ' नाही, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा जो अभ्यास मांडला आहे तो वाचणाऱ्याला हे ठाऊकच आहे. म्हणजे टेलिफोन कंपन्यांच्या तज्ज्ञांना ज्या वर्णाची काटछाट करण्याची बुद्धी गेल्या शतकात झाली तो वर्ण आमच्या पूर्वजांनी केव्हाच वगळून ठेवला होता. प्रमाण भाषेच्या अभिमान्यांनी आमच्या उच्चारांना आजवर जी नावे ठेवली ती त्यांनी या दृष्टीने पुन्हा तपासून पाहावीत.

दुसऱ्या रात्री एक दुःखद प्रकरण उद्भवले. शाहिरांच्या शेवटच्या दंडारीची एम४ए फाइल उघडण्याचा अर्ज केला असता 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' असा शेरा आला. ॲटम म्हणजे अणू; माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेले. पुढे कळले की ही फाइल लिहिणारा मोबाइल फार नेक पण अव्यवहारी कारकून असतो: तो सगळा मजकूर आधी लिहून काढतो आणि कोणता मजकूर कोठे आहे याची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, ध्वनिमुद्रण बंद केल्यावर जोडतो. त्या अनुक्रमणिकेचेच नाव मूव्ह. त्या रात्री गाणे रंगात आले असता मोबाइलची बॅटरी संपली, कारकून जागच्या जागी मेला, आणि बावीस मेगाबाइटांचे गाणे शाबूत असूनही कोणाला त्यात प्रवेश उरला नाही. असल्या बेवारस दप्तरावर एक उपाय आहे. त्याच मोबाइलने लिहिलेली एखादी धडधाकट फाइल नमुन्यादाखल पुढे ठेवली तर अनट्रंक नावाचा कार्यक्रम तिच्या धाटणीवरून मृताची अनुक्रमणिका पुन्हा रचून देतो. नमुन्यासाठी मोबाइलच्या मालकाने मला आपल्या म्हशीच्या हंबरण्याची फाइल दिली. तिच्या पुण्याईने शाहिरांची शेवटची दंडार पुन्हा बोलती झाली, आणि मी त्या म्हशीचे नाव आभाराच्या यादीत घालावे असे सुचवले. कमिटीने ते विचारार्थ ठेवून घेतले आहे.

त्रेसष्टांपैकी एक फाइल शून्य बाइटांची, म्हणजे नुसता बांधलेला बस्ता निघाली, तिच्यावर बोलण्यासारखे काही नाही. दुसरी एक अशी होती की तिला मुखपृष्ठच नव्हते. साधारण वेव्ह फाइलच्या आरंभी चव्वेचाळीस बाइटांत नमुने किती, पदर किती, रुंदी किती, असा तपशील नोंदलेला असतो. ही फाइल मात्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने स्वतः जुळवलेल्या यंत्रातून उतरली असल्यामुळे तिच्यात नुसता कच्चा माल होता. अशा वेळी तपशील अर्जदाराने शपथेवर सांगायचा असतो. तो मुलगा सोळा हजार म्हणाला, मी सोळा हजार लिहिले, आणि शाहीर दुप्पट वेगाने, पुरते एक सप्तक वरच्या पट्टीत गाऊ लागले. दंडारीत स्त्रीची सोंगे पुरुषच घेत आले आहेत. तेव्हा ओसरीवर जमलेल्या चार जाणत्या माणसांनी ते ऐकून, हे शाहीर नव्हेत, हा त्यांच्या फडातला नाच्या आहे, असा निर्वाळा दिला, आणि तो कोणत्या गावचा यावर वाद सुरू केला. वाद अर्धा तास चालला. आठ हजार लिहिताच नाच्या अंतर्धान पावला आणि शाहीर परतले. वाद करणारे मात्र आपल्या मतावर कायम राहिले.

मध्यंतरी एफएफएमपेगवर रुसून मी सॉक्स नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडेही जाऊन आलो. १९९१ पासून सेवेत असलेला हा जुना, अनुभवी माणूस. पण एमपी३चे नाव काढताच म्हणाला, या प्रकाराचा कारभारी आमच्याकडे नेमलेला नाही. कारण विचारता इतिहास निघाला. एमपी३ ही जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या मंडळींची कर्तबगारी. १९९५ च्या जुलैत त्यांनी फाइलच्या शेपटीला हे नाव मुक्रर केले, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यावरचा एकस्व हक्क जागता ठेवला, त्यामुळे फुकट वाटल्या जाणाऱ्या संगणकव्यवस्थांत एमपी३चा कारभारी वेगळ्या पुडक्यात, हवा त्याने मागून घ्यावा अशा बेताने ठेवीत. २०१७ साली त्या परवान्याची वसुली थांबली. पुडके अजून वेगळेच आहे. कायदा गेला तरी रिवाज राहतो, हे आमच्या कचेरीत कोणालाही विचारा. त्या पुडक्यात जो लेम नावाचा कारागीर असतो त्याच्या नावाचा विस्तार 'लेम हा एमपी३ घडवणारा नव्हेच' असा होतो. १९९८ साली आरंभी ते खरे होते, पुढे तो एमपी३ घडवू लागला, आणि नाव तसेच राहिले. परगावच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे माजी मालगुजारी तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, आणि हा कोणाच्या मामाने खोदला असे विचारणाऱ्या पाहुण्याला आम्ही गेली कित्येक वर्षे गंभीरपणे उत्तर देत आलो आहोत.

तिसऱ्या रात्री, अठरा एम४ए फायली उरल्या असता, मला बुद्धी झाली की एकेक अर्ज लिहिण्यापेक्षा एकाच तारांकनाने सर्वांना बोलवावे. पुतण्या घाईत होता. तो म्हणाला, "आणि पुढे उणे वाय लावा, म्हणजे तो सारखं विचारत बसणार नाही." उणे वाय मी लावला नाही, विचारणारा अधिकारी मला आवडतो. तारांकन लावले आणि कळ दाबली. आता येथे घडते ते असे की, खिडकीबाहेरचा शिपाई त्या तारांकनाचा अर्थ स्वतः लावून अठराही नावे एका ओळीत आत पाठवतो. आतला अधिकारी पहिल्या नावाला येणारा माल समजतो, आणि उरलेल्या सतरांना जाणाऱ्या मालाची रिकामी पोती समजून त्यांत पहिलेच गाणे ओतायला सज्ज होतो. सुदैवाने तो एकदा विचारतो. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू काय? समोर कंसात छोटा वाय आणि मोठा एन. चौतीस वर्षांत कोणत्याही मूळ कागदावर खाडाखोड करण्यास मी परवानगी दिलेली नाही. तेव्हा प्रश्नाचा आशय नीट कळण्यापूर्वीच बोटाने एन दाबला होता. 'नॉट ओव्हररायटिंग, एक्झिटिंग', असे म्हणून अधिकारी उठून गेला. काय होणार होते हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो दुसऱ्यांदा गप्प झाला.

मंडईच्या आदल्या दिवशी बासष्ट गाणी तयार होती. त्यांतल्या ज्या गाण्याने आरंभ करायचा होता त्याच्या सुरुवातीला शाहिरांचा खोकला आणि काहीतरी पुटपुटणे होते, ते कार्यक्रमाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे कमिटीच्या तरुण सभासदांचे म्हणणे पडल्यामुळे मी पहिले अकरा सेकंद गाळून नवी प्रत काढली आणि मान्यतेसाठी ती शाहिरांच्या पत्नीस ऐकवली. म्हातारीने मोबाइल कानाशी धरून ते गाणे शेवटपर्यंत ऐकले, आणि मग विचारले, "आवाज त्याइचाच हाये जी बाबूजी. पन मले पानी मांगत होते, थे कुटी गेलं?"

मूळ फाइल जागेवर होती. मी घरी जाऊन अकरा सेकंद परत जोडून घेतले.

मंडईच्या रात्री भोंग्यातून प्रथम खोकला आला, मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात "पानी आन वो", आणि मग गाणे. ते ऐकताच भोंगेवाल्याचे पोर पाण्याने भरलेला गिलास घेऊन धावत मंचावर गेले, आणि तेथे कोणीच नाही असे पाहून गोंधळून उभे राहिले. तो गिलास ढोलकीवाला प्यायला.